पांढरं जाणं पुन्हा उलटतं तेव्हा: नवऱ्याच्या औषधाचा जुना प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या मराठी घरांत अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार फार तर मोठ्या जावेच्या कानावर जाते. पातळ, करडा, माशासारख्या वासाचा स्राव, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस, योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडणं. आठवडाभर मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध घेतलं की बरं वाटतं, पण निम्म्याहून जास्त बायकांना वर्षाच्या आत ते उलटतं. मग बाईच पुन्हा गोळ्या घेते, आणि आपल्याच स्वच्छतेत काही चुकतंय असं समजून झुरते. हे झुरणं मला फार लागतं.

वास्तविक नवऱ्यालाही औषध द्यावं का, हा प्रश्न सुरुवातीलाच निघाला होता. १९५५ साली ह्यूस्टनच्या हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी या आजाराशी जोडलेला जंतू दाखवला. पुढे त्याला गार्डनेरेला नाव मिळालं. रुग्णांच्या बहुतेक नवऱ्यांच्या मूत्रमार्गातही त्यांना तो सापडला. (निरोगी बायकांच्या योनीत रुग्णाचा स्राव घालूनही त्यांनी पाहिलं. आज कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही.)

मग १९८० आणि ९० च्या दशकांत पुरुषांना औषध देऊन चाचण्या झाल्या. बायकांचा त्रास उलटायचा थांबेना. जोडीदारावर उपचार नकोत, असं मार्गदर्शक सूचनांत पक्कं झालं. लैंगिक आजारांसाठीच्या आपल्या सरकारी सुरक्षा क्लिनिकमधला सेक्निडाझोल-फ्लुकोनाझोल या गोळ्यांचा हिरवा किटही मुख्यतः बाईसाठीच. पण त्या चाचण्या लहान होत्या आणि पुरुषांना मिळायच्या त्या फक्त गोळ्या. शिश्नाच्या त्वचेवर, विशेषतः पुढच्या कातडीखाली राहणाऱ्या जंतूंकडे कुणी पाहिलंच नाही.

ते मेलबर्नच्या संशोधकांनी पाहिलं. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत एकनिष्ठ संबंध असलेली १६४ जोडपी होती. एका गटातल्या पुरुषांना सात दिवस, दिवसातून दोनदा, मेट्रोनिडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी आणि शिश्नावर लावायला २ टक्के क्लिंडामायसिन हे जंतुनाशक क्रीम दिलं. बारा आठवड्यांत त्या गटातल्या ३५ टक्के बायकांना त्रास उलटला; फक्त बाईवर उपचार झालेल्या गटात ६३ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासात जोडीदाराच्या उपचाराचा विचार करावा, असं सुचवलं.

आपल्याकडे नवरा दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून राहतो. त्रास दुसऱ्यांदा उलटला असेल, तर त्यालाही आत बोलवा असं डॉक्टरांना सांगा. औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं आणि ते संपेपर्यंत संबंध टाळायचे.