जोडीनृत्य शिकणं

जोडीनृत्य, म्हणजे पार्टनर डान्स, हा दोघांनी एकमेकांना धरून एकाच ठेक्यावर करायचा नाच. वॉल्ट्झ, टँगो, साल्सा, लिंडी हॉप हे सगळे यातच आले. एकजण लीड करतो म्हणजे पुढची हालचाल सुचवतो, दुसरा फॉलो करतो. लीड पुरुषानेच करायचं असा काही नियम नाही, हल्ली बरेचजण दोन्ही बाजू शिकतात.

नवख्यांना वाटतं स्टेप्स पाठ झाल्या की नाच आला. स्टेप्स खरं तर पटकन येतात. साल्साची बेसिक घ्या, आठ काउंट असतात, १, २, ३ ला पाऊल, ४ ला थांबायचं, ५, ६, ७ ला पाऊल आणि ८ ला परत थांबायचं, एवढंच. खरी गोची वजनाची असते. पाऊल पुढे पडलंय पण अंगाचा भार अजून मागच्याच पायावर, असं झालं की समोरच्याला कळतच नाही तुमचा कुठला पाय मोकळा आहे, आणि मग कुणाचा तरी अंगठा चेपला जातो. म्हणून टँगो शिकणारे महिनोन्‌महिने नुसतं चालायचा सराव करतात, बघणाऱ्याला ते अगदीच कंटाळवाणं वाटतं पण सगळा टँगो त्या चालण्यावरच उभा असतो. टँगोत सरावाच्या जमण्याला वेगळा शब्दच आहे, प्राक्तिका. तिथे मध्येच थांबून तीच गोष्ट दहादा करून बघता येते. मिलोंगात, म्हणजे नाचायलाच जमतात तिथे, असं थांबलेलं चालत नाही, कारण सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने एकामागोमाग फिरत असतात आणि एक जोडी अडली की मागची सगळी रांग अडते.

चुका बहुतेकांच्या त्याच त्याच असतात. लीड करणारा पार्टनरला हाताने ओढतो, खरं तर आधी स्वतःची छाती आणि भार हलवायचा असतो, हात आपोआप मागून येतात. फॉलो करणारा पुढची स्टेप ओळखून आधीच निघतो. आणि दोघंही खाली पायांकडे बघत बसतात, त्याने मान वाकते, तोल पुढे जातो आणि फ्रेम, म्हणजे हात-खांद्यांची ती बांधणी, ढिली पडते.

हळू नाच सोपा हाही गैरसमजच. स्लो वॉल्ट्झ मिनिटाला साधारण २८ ते ३० बारचा, बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन, आणि व्हिएनीज वॉल्ट्झ जवळपास दुप्पट, ५८ ते ६० चा, दोन्हींत प्रत्येक बारला तीन बीट. पण वेगात डळमळणं खपून जातं, संथ चालीत एका पायावर जास्त वेळ तोल सांभाळावा लागतो आणि सगळं उघडं पडतं.

क्लासमध्ये दर थोड्या वेळाने पार्टनर बदलायला लावतात, घरून जोडीने आलेल्यांना ते बिलकुल आवडत नाही. पण कायम एकाच माणसाबरोबर नाचलं की दोघं नकळत एकमेकांच्या चुका सांभाळून घेतात, आणि तिसऱ्याबरोबर उभं राहिलं की कळतं आपलं लीड त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये. त्यातून नवरा-बायको असले तर 'तू चुकलास', 'नाही, तूच' हे ठरलेलंच. ठेका सुटला की कुणाचं चुकलं ते शोधत न बसता जागेवरच हळू वजन बदलत राहायचं आणि पुढचा १ आला की पुन्हा सुरू करायचं.