‘कँडी’वर मालकी कुणाची?

जानेवारी २०१४ मध्ये आयफोनवर गेम विकणाऱ्या काही डेव्हलपरांना ॲपलकडून ईमेल आले. तुमच्या गेमच्या नावात ‘कँडी’ आहे, त्याला ‘कँडी क्रश सागा’वाल्या किंग कंपनीची हरकत आहे, तेव्हा नाव बदला किंवा गेम काढा, असा त्यांचा मथितार्थ. स्लॉट मशीनच्या जुगाराचा एक गेमही त्यात सापडला. गंमत म्हणजे अमेरिकेत ‘कँडी’ची नोंदणी तेव्हा झालेलीच नव्हती. ट्रेडमार्क कार्यालयाने अर्ज फक्त प्रसिद्धीला मोकळा केला होता, म्हणजे कुणाला आक्षेप असेल तर घ्या, इतकंच. अर्जात गेमबरोबर कपडेही होते.

रोजच्या शब्दावर ट्रेडमार्क मिळतोच कसा? साताऱ्याच्या हलवायाला ‘पेढा’ या शब्दावर हक्क सांगता येणार नाही, कारण तो मालाचंच नाव आहे. पण कुणी ‘पेढा’ नावाची सायकल काढली, तर ते नाव त्या मालापुरतं वेगळं ठरतं आणि नोंदवता येतं. ‘ॲपल’ फळवाल्याला मिळत नाही, संगणकवाल्याला मिळतो. हक्क शब्दावर नसतो, ठरावीक मालावर लावलेल्या त्या शब्दावर असतो. अडचण अशी की सगळे गेम एकाच मालात मोडतात, आणि फोनच्या पडद्यावर आयकॉनखाली जेमतेम डझनभर अक्षरं मावतात. मग नावं एक-दोन शब्दांची होतात आणि एकमेकांवर आदळतात.

या भांडणांचा सगळ्यात बदनाम अध्याय ‘एज’चा. टिम लँगडेल यांची ‘द एज’ ही कंपनी ऐंशीच्या दशकात ब्रिटनमध्ये घरगुती संगणकांसाठी गेम काढायची. पुढे ते अमेरिकेत गेले. नवे गेम विरळ होत गेले, पण ‘एज’ या शब्दावरचा दावा राहिला. २००९ मध्ये पॅरिसच्या मोबिगेम या छोट्या कंपनीचा ‘एज’ त्यांच्या तक्रारीवरून ॲप स्टोअरमधून गेला. या गेममध्ये होतं काय? एक ठोकळा, जो चौकोनांच्या वाटेवर कडेकडेने गडगडत जातो. कडेला इंग्रजीत दुसरं काय म्हणायचं! लँगडेल तेव्हा गेम डेव्हलपरांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संचालक मंडळावर होते. ओरड झाली आणि त्यांनी राजीनामा दिला.

मग ‘मिरर्स एज’ या गेमच्या नावावरून ते थेट तो काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेले, आणि तिथे गाठ पैसेवाल्याशी पडली. ऑक्टोबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातले न्यायाधीश विल्यम ॲलसप यांनी लँगडेल यांना हवा असलेला मनाई हुकूम नाकारला. नाव वापरात असल्याचा पुरावा म्हणून लँगडेल यांच्या कंपनीने ट्रेडमार्क कार्यालयात दिलेलं ‘एज’ या गेमविषयक मासिकाचं मुखपृष्ठ त्या अंकाच्या खऱ्या मुखपृष्ठाशी जुळत नव्हतं. पुरावे संशयास्पद आहेत, आणि परवान्याचे पैसे मागत फिरण्यापलीकडे या कंपनीचा खरा धंदा आहे का, हाच प्रश्न आहे, असं ॲलसप यांनी लिहिलं. हे ट्रेडमार्क पुढे रद्द झाले. हे सगळं मोठ्या कंपनीच्या वकिलांनी खणून काढलं. मोबिगेमच्या खिशात तेवढा पैसा कुठला असायला!

२०११ मध्ये ‘माइनक्राफ्ट’वाल्या मोजांगने आपल्या नव्या गेमसाठी ‘स्क्रोल्स’ हे नाव नोंदवायला घेतलं. ‘द एल्डर स्क्रोल्स’वाल्या बेथेस्डाने हरकत घेतली. मोजांगचे मार्कस पेर्सन यांनी निकाल ‘क्वेक ३’ या गोळीबाराच्या गेमच्या सामन्यात लावू, असं जाहीर आव्हान दिलं. ते कुणी स्वीकारलं नाही. २०१२ मध्ये तडजोड झाली आणि मोजांगला त्या गेमपुरतं नाव वापरता आलं.

भारतातही अशी केस झाली आहे. कोलकात्याच्या अगरवाला बंधूंचा ‘स्क्रॅब्युलस’ हा शब्द जुळवण्याचा खेळ फेसबुकवर तुफान चालला, तेव्हा तशाच ‘स्क्रॅबल’ या पटावरच्या खेळाचे हक्क असलेली मॅटेल कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ‘स्क्रॅबल’ हा शब्दकोशातला, चाचपडणं या अर्थाचा साधा शब्द आहे, हा युक्तिवाद सप्टेंबर २००८ मध्ये टिकला नाही. कॉपीराइटच्या मुद्द्यावर मात्र मॅटेल हरली. खेळ ‘लेक्स्युलस’ या नावाने चालू राहिला.

किंगचं ‘सागा’वरूनही वाजलं. ‘द बॅनर सागा’ हा व्हायकिंगांच्या धाटणीचा गेम. सागा म्हणजे वीरगाथा, हा शब्दच मुळी त्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतला! किंगने तरी आक्षेप नोंदवला. आणि वर म्हणे, यांनी आमची नक्कल केलेली नाही, पण इथे गप्प बसलो तर खऱ्या नक्कलखोरांपुढे आमचा दावा लंगडा पडेल. हे ऐकायला निर्लज्ज वाटतं, पण कायदा मालकाला राखण करायला लावतो हे खरंच आहे. ‘कँडीस्वाइप’च्या बाबतीत मात्र ती सबब चालत नाही. तो गेम २०१० चा, ‘कँडी क्रश’ २०१२ चा. जुना हक्क समोरच्याचा निघाल्यावर किंगने ‘कँडी क्रशर’ नावाचा त्याहून जुना ट्रेडमार्क विकत घेतला आणि त्याच्या जोरावर ‘कँडीस्वाइप’चीच नोंदणी रद्द करायला निघाली. त्या एकट्या डेव्हलपरने फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर पत्र लिहिलं. आपला गेम त्याने दिवंगत आईच्या आठवणीत केला होता. किंगचा शेअर बाजारात उतरण्याचा मुहूर्त मार्चचा होता. फेब्रुवारीतच किंगने अमेरिकेतला ‘कँडी’चा अर्ज मागे घेतला आणि एप्रिलमध्ये दोन्ही वाद मिटवले.

मोजांगने ‘स्क्रोल्स’चं नाव २०१८ मध्ये स्वतःच बदलून ‘कॉलर्स बेन’ केलं. तोवर मोजांग मायक्रोसॉफ्टकडे गेली होती. २०२१ मध्ये बेथेस्डाही तिथेच आली, आणि २०२३ मध्ये किंग.