पोथीचं बासन ते ग्रंथालयाचं लाकडी कपाट

‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जप, अशी पोथीची विनवणी लेखनिक शेवटच्या पानावर लिहीत. यातली तिसरी धास्ती आज विसरली गेली आहे, आणि नुकसान बहुतेक तिथूनच सुरू होतं.

पोथीची सुटी पानं दोन फळ्यांत दाबून, बासनात करकचून बांधून आडवी ठेवत. दाबाखाली पानं पावसाळ्यात वाकत नसत, कसरीला शिरायला फट उरत नसे, हवेतला ओलावा आधी कापड झेलत असे. पेशवे दप्तरातले मोडी कागदही असेच रुमालांत बांधलेले. आत वेखंड असे. पण त्यातलं तेल उडून जातं, म्हणून ते बदलत राहावं लागतं. चिंध्यांचा हातकागद मुळात टिकाऊ, काजळीची शाई त्याला खात नाही. मात्र शाईत डिंक असल्याने पाणी लागलं की अक्षर फुटतं.

नाशिकला 1840 मध्ये, पुण्यात 1848 मध्ये सार्वजनिक वाचनालयं निघाली. छापील पुस्तक बासनाविना, उभं, थेट फळीला टेकून राहू लागलं. त्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळ घातलेला कागद आला. तो स्वतःच आम्लयुक्त, म्हणून हळूहळू ठिसूळ होणारा. लाकूडही ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ सोडतं, आणि बंद कपाटात ती साचते. शिवाय प्लायवूडच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड वायू निघतो.

सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. पण मातीचे बोगदे करून ती त्याच सागावरून पुस्तकांपर्यंत पोचते, म्हणून कपाट भिंतीपासून आणि खालची फळी जमिनीपासून किमान 15 सेंमी दूर हवी. मागे हवा खेळली की बुरशीही आटोक्यात राहते. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांवर रेंगाळली की बुरशी धरतेच. लोखंडी कपाटाने हा प्रश्न सुटत नाही, गार पत्र्यावर दव धरतं. जुनं सागवानी कपाट मोडीत काढू नये: फळीवर पॉलिस्टर फिल्म किंवा आम्लरहित पुठ्ठा अंथरावा. ऑइलपेंट टाळावा.

डांबरगोळ्यांनी किडीची अंडी मरतील याचा भरवसा नाही. कीड लागलेलं पुस्तक प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करून उणे 20 अंशांवर आठवडाभर ठेवावं. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नये, नाहीतर गार पानांवर पाणी सुटतं.