राउटर फर्मवेअरचे नियमन

घरगुती वाय-फाय राउटरमधील उत्पादकाचे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, काढून दुसरे बसवण्यावर शासनाने घातलेली बंधने. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा लिनक्सवर आधारलेला सोर्स कोड (सॉफ्टवेअरची मूळ संहिता) २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातून डीडी-डब्ल्यूआरटी, ओपनडब्ल्यूआरटी हे पर्यायी फर्मवेअरचे प्रकल्प उभे राहिले. उत्पादकाने अपडेट बंद केलेले अनेक राउटर आजही अशा फर्मवेअरवर सुरक्षितपणे चालतात, हे त्यांचे मोठे मोल आहे.

शासनाची काळजी वेगळी आणि खरी आहे. रेडिओ लहरींची वारंवारता व प्रक्षेपणाची ताकद आता सॉफ्टवेअरच ठरवते. अमेरिकेत ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर विमानतळांचे हवामान रडार चालतात; ५ गिगाहर्ट्झच्या बिनतारी उपकरणांचा त्यांना अडथळा झाल्याची उदाहरणे आहेत. तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २०१४ मध्ये वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचे नियम कडक केले. २०१५ च्या मार्गदर्शिकेत तर डीडी-डब्ल्यूआरटीसारखे फर्मवेअर कसे रोखणार, असे उत्पादकांना थेट विचारले होते. विरोध झाल्यावर त्याच वर्षी शब्दरचना बदलली: बंधन रेडिओच्या मर्यादांवर, संपूर्ण सॉफ्टवेअरवर नव्हे. मात्र सगळा राउटरच कुलूपबंद करणे कंपन्यांना सोपे पडते. २०१६ मध्ये टीपी-लिंकने ताकदीची मर्यादा ओलांडल्याबद्दल दोन लाख डॉलर भरले. त्याच तडजोडीत खुल्या फर्मवेअरला वाट देण्यासाठी प्रयत्न करण्याचेही कबूल केले. युरोपच्या २०१४ च्या रेडिओ उपकरण निर्देशातही सॉफ्टवेअरविषयी कलम आहे.

भारतात वाय-फायचे नियम प्रामुख्याने लहरींच्या वापराला धरून आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यात मर्यादा अशी: प्रक्षेपकाची ताकद कमाल १ वॉट, अँटेनासह प्रभावी ताकद कमाल ४ वॉट. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झमधील ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या, लहरींचे नियोजन पाहणाऱ्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते.

नाशिकमध्ये हा प्रश्न रेंजच्या रूपाने समोर येतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती असोत, की दिंडोरीच्या द्राक्षबागेत घरापासून दूर असलेली शेड. सेटिंगमध्ये दुसरा देश निवडून ताकद वाढवण्याचा मोह होतो. मर्यादा तर मोडतेच, शिवाय मोबाइलचा क्षीण सिग्नल राउटरपर्यंत परतत नाही, त्यामुळे फायदाही थोडाच. वाड्यात केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे उपकरण) लावावा. बागेत लहरी एकाच दिशेला एकवटणारा अँटेना उपयोगी पडतो, पण त्याने वाढलेली ताकदही त्याच ४ वॉटमध्ये मोजली जाते.