तुर्कमेन गालिचा: आधी गाठ, मग नक्षी

तांबड्या जमिनीवर अष्टकोनी नक्षीच्या रांगा दिसल्या की दुकानदार 'बुखारा' म्हणून मोकळा होतो. बुखारा ही मध्य आशियातली विक्रीची पेठ. विणणाऱ्या बायका अखाल, मर्व आणि आमू दर्याकाठच्या तेक्के, योमुत, सारिक, सालोर, एर्सारी, चौदोर अशा टोळ्यांमधल्या. त्या अष्टकोनाला 'गुल' म्हणतात आणि टोळीगणिक गुल ठरलेलं, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सालोरांचं गुल सारिक आणि तेक्केंच्या पिशव्यांवरही सापडतं. नक्षी बघून उचलता येते. लहानपणी हाताला लागलेली गाठ मारायची सवय सहसा सुटत नाही.

म्हणून आधी गाठ तपासायची. लवेवरून, म्हणजे वर आलेल्या लोकरीच्या टोकांवरून, हात फिरवा. ती ज्या टोकाकडे झुकते तिथून विणकाम सुरू झालेलं असतं; ते टोक आपल्याकडे ठेवा. इथे उलटापालट झाली की डावं-उजवं बदलतं आणि पुढचं सगळं निदान चुकतं. आता गालिचा आडव्या धाग्यांच्या रेषेत दुमडून लव फाकवा आणि दहापट भिंगातून गाठीचं बूड पाहा. लोकर दोन्ही उभ्या धाग्यांना कवेत घेत असेल तर गाठ सममित: योमुतांत आणि जुन्या सारिक कामात मुख्यतः हीच. एकाच धाग्याला पूर्ण वेढा घालून दुसऱ्याच्या नुसती मागून जात असेल तर असममित. तो न वेढलेला धागा तेक्के, एर्सारी, चौदोरांच्या कामात बहुधा उजवीकडे असतो, सालोरांत डावीकडे. अराबाची टोळीतही डावी गाठ मिळते, तेव्हा तेवढ्यावरून 'सालोर' म्हणून भाव लावू नये.

सालोर विणीत एकाआड एक उभा धागा आत दबलेला असतो, त्यामुळे पाठीवर प्रत्येक गाठीचा एकच उंचवटा दिसतो. तेक्केंच्या सपाट विणीत शेजारीशेजारी दोन दिसतात. ते दोन्ही वेगळे मोजले की घनता दुप्पट निघते, आणि विक्रेत्यांच्या कागदांवर हे अधूनमधून दिसतं! दहा सेंटिमीटरमध्ये आडव्या ४० आणि उभ्या ५० गाठी असतील, तर चौरस डेसिमीटरला २,००० होतात.

वय सांगायला रंग जास्त उपयोगी, पण ते एकाच बाजूने बोलतात. फुक्सिन आणि पाँसो २आर हे कारखान्यात बनणारे लाल रंग; फुक्सिन १८५९च्या सुमारास बाजारात आला, पाँसो २आर १८७८मध्ये. यांतला रंग मूळ गाठीत सापडला, तर गालिचा त्या वर्षाआधीचा नाही. सापडला नाही म्हणून तो जुना ठरत नाही. मॅडर या लाल रंग देणाऱ्या वनस्पतीचं मूळ आणि नीळ पुढेही वापरात होतीच. फुक्सिन ओळखायचा तर लव मुळापर्यंत उघडा: बुडाशी जांभळट, टोकाला राखाडी. पाँसोसाठी ओलं पांढरं सुती फडकं मिनिटभर दाबून धरा. लाल डाग उतरला तर संशय घ्या, निकाल देऊ नका. रासायनिक धुलाईनेही टोकं फिकट पडतात.

खात्री प्रयोगशाळेत होते. काही मिलिमीटर धागा पुरतो. मॅडरमध्ये अलिझरीन या रंगद्रव्यासोबत पर्प्युरिन हे दुसरं रंगद्रव्य येतं. नुसतंच अलिझरीन मिळालं तर १८७०नंतरच्या कारखानी रंगाची शक्यता. किड्यांपासूनच्या लालात लॅकाइक आम्ल निघालं तर तो लाखेचा, म्हणजे बहुधा भारताकडून गेलेला. कार्मिनिक आम्ल निघालं तर कोचिनीलसारख्या किड्याचा.

कार्बन-१४ कडून, म्हणजे लोकरीतल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीकडून, मात्र लोक भलत्या अपेक्षा ठेवतात. साधारण १६८० ते १९४० या काळात मापनवक्र (कार्बनच्या मोजणीवरून वर्ष काढायचा आलेख) इतका वरखाली होतो की एकाच नमुन्याला दोन-तीन शक्य कालखंड मिळतात; १८२० आणि १८८० वेगळे करणं जवळपास अशक्य. सतराव्या शतकाच्या मध्याआधीची लोकर मात्र नीट ओळखू येते, आणि १९५५नंतरचीही, अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बनमुळे. डांबरगोळ्यांतलं नॅफ्थलीन खनिज मूळचं, त्यात कार्बन-१४ नसतोच. ते लोकरीत मुरलेलं राहिलं तर वय उगाच वाढतं. त्यामुळे नमुना आधी द्रावकांनी धुतात. तो घ्यायचा मूळ गाठीतून; रफू केलेल्या जागेतून घेतला तर रफूचंच वय कळेल.