रिझोल्यूशनचे पर्याय गायब: ड्रायव्हर गेला की स्क्रीनची माहितीच पोचली नाही?

विंडोज लॅपटॉपच्या रिझोल्यूशनच्या यादीत १०२४ × ७६८ आणि ८०० × ६०० एवढंच दिसतंय म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘ड्रायव्हर टाक.’ कशाचा, का, हे कोणी विचारत नाही.

स्केल आणि रिझोल्यूशन यांत होणारा घोळ आधी उरकू. अक्षरं मोठी करायला १२५ किंवा १५० टक्के निवडतो ते स्केल. रिझोल्यूशन म्हणजे ठिपक्यांची संख्या. आणि १३६६ × ७६८च्या पॅनेलवर, म्हणजे तेवढेच ठिपके असलेल्या स्क्रीनवर, १९२० × १०८० शोधत असाल, तर तिथे काही हरवलेलंच नाही.

आता खरा गोंधळ. पर्यायांची यादी दोघांच्या माहितीतून बनते. स्क्रीन ‘एडिड’ नावाच्या छोट्याशा नोंदीतून आपल्याला काय काय झेपतं ते कळवते, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र तयार करणारी चिप चालवणारं सॉफ्टवेअर, ती नोंद वाचून यादी मांडतो. दोघांपैकी कोणीही कच खाल्ली तरी यादी तशीच तोकडी दिसते, म्हणून लोक दोन्हीला एकच औषध देतात.

ड्रायव्हर गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली हार्डवेअरची यादी) डिस्प्ले अडॅप्टर्सखाली ग्राफिक्स कार्डाच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसतं. बिघाड लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवरही असतो आणि ब्राइटनेस बदलेनासा होतो. इथे ड्रायव्हरच हवा, पण कोणता? दोन ग्राफिक्स चिप असलेल्या बहुतेक लॅपटॉपांत आतलं पॅनेल प्रोसेसरमधल्या इंटेल किंवा एएमडी चिपला जोडलेलं असतं. लोक दुसऱ्या, वेगळ्या चिपचा म्हणजे एनव्हिडियाचा भलामोठा ड्रायव्हर उतरवतात आणि पॅनेल होतं तसंच राहतं. ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, नेमक्या मॉडेलचा घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला मी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

कार्डाचं नाव बरोबर, आतली स्क्रीन ठणठणीत, फक्त बाहेरच्या मॉनिटरचीच यादी तोकडी? मग ड्रायव्हरला हात लावू नका. एडिड वाटेत अडकलंय. ‘चित्र येतंय म्हणजे केबल चांगली’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. व्हीजीएत (मॉनिटरची जुनी १५ पिनांची जोडणी) चित्राच्या तारा वेगळ्या, ही माहिती नेणाऱ्या वेगळ्या: पिन १२ आणि १५. त्यातली एक तुटली तरी चित्र झकास दिसतं, पण मॉनिटर कोणता हे लॅपटॉपला कळतच नाही. मधले कन्व्हर्टर, स्प्लिटर, केव्हीएम स्विचही (एकच मॉनिटर-कीबोर्ड अनेक कॉम्प्युटरना जोडणारी पेटी) हेच करतात. ते काढून दुसऱ्या केबलने थेट जोडा.

डिस्प्ले अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमधलं ‘लिस्ट ऑल मोड्स’ उघडून फार आशा धरू नका. जी माहिती पोचलीच नाही ती तिथेही नसते. हाताने कस्टम रिझोल्यूशन बनवणं मी मॉनिटरचं एडिडच खराब झालं असेल तरच करीन.

आणि हो, दोन्ही स्क्रीन ‘डुप्लिकेट’वर, म्हणजे एकच चित्र दाखवत, असतील तर दोघींना जमतील तेवढेच पर्याय दिसतात. आधी ‘एक्स्टेंड’ करून, म्हणजे दोन्हींवर वेगळं चित्र ठेवून, पाहा, मगच केबल उपसा.