डावखुरेपणा आणि हाताचे कसब

लिहिणे, सुई ओवणे, विळा चालवणे अशा नेमक्या कामाला माणूस बहुतेक वेळा एकच हात पुढे करतो. तो डावा असला की माणसाला डावखुरा म्हणतात. जगात साधारण दहात एक माणूस डावखुरा असतो, आणि पुरुषांत हे प्रमाण किंचित जास्त आढळते. काही जण एका हाताने लिहितात आणि दुसऱ्याने फेकतात, त्यामुळे डावे-उजवे ही काटेकोर विभागणी नाही.

एक हात हुशार आणि दुसरा अडाणी, हा समज शेतात टिकत नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या बांधीत धानाची रोवणी बघावी. उजव्या हाताची बाई पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंढी डाव्या हातात धरते. डाव्या अंगठ्याने दोन-तीन रोपे सुटी करून पुढे सारते, उजव्या हाताने ती उचलते, मुळाशी चिमटीत धरते आणि चिखलात दाबून सोडते. तिची नजर चिखलावर असते, पेंढीकडे बघावे लागत नाही. उजवा हात परत येईपर्यंत डाव्याने पुढची रोपे तयार ठेवलेली असतात. फ्रेंच संशोधक ईव्ह गियार यांनी १९८७ मध्ये दोन हातांच्या कामाचा हाच क्रम मांडला: दुय्यम हात आधी हलतो, वस्तू धरतो, जागा ठरवतो, मुख्य हात त्या चौकटीत बारीक काम करतो. चरख्यावर तर उजवा हात नुसते चाक फिरवतो आणि पेळूतून एकसारखा धागा काढण्याचे नाजूक काम डावा करतो.

हाताला हुकूम देणारा भाग मेंदूच्या पृष्ठभागावर, साधारण कानाच्या वरच्या पट्ट्यात असतो. तिथून निघालेले सुमारे ८५ ते ९० टक्के तंतू लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाशी, बाजू बदलतात. त्यामुळे उजवा हात मुख्यतः डाव्या मेंदूच्या ताब्यात असतो आणि डावा हात उजव्याच्या. वेळ आणि जोर सांभाळणारा लहान मेंदू मात्र आपल्याच बाजूच्या हाताचे काम बघतो. बोटे सुटी-सुटी हलवण्यासाठी काही तंतू मेंदूपासून थेट मज्जारज्जूतल्या, हाताचे स्नायू हलवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात. फुटलेल्या बोंडाची टोके टाळून सरकी-रुईची पाकळी अख्खी ओढून काढणारी कापूस वेचणीची चिमटी याच थेट वाटेवर चालते.

हुकूम देणे वेगळे आणि कामाचा आराखडा ठरवणे वेगळे, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन वैद्य ह्यूगो लीपमान यांनी दाखवले. डाव्या मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांच्या हातात ताकद असते, पण कंगवा कसा धरायचा किंवा हात हलवून निरोप कसा द्यायचा ते जमत नाही. धडधाकट डाव्या हातालाही जमत नाही. म्हणजे उजव्या हाताच्या बहुतेक माणसांत दोन्ही हातांच्या कसबाचा आराखडा डाव्या मेंदूत असतो. लकवा मारलेल्या माणसाला घरचे ‘मुद्दाम करत नाही’ म्हणून बोलतात, तेव्हा अनेकदा हा आराखडाच हरवलेला असतो. भाषाही सुमारे ९५ टक्के उजव्या हाताच्या माणसांत डाव्या मेंदूत असते. डावखुऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. म्हणून डावखुऱ्यांचा मेंदू हा उजव्यांच्या मेंदूची आरशातली प्रतिमा नव्हे.

हाताची पसंती जन्माआधीच डोकावते: सोनोग्राफीत पोटातली बहुतेक बाळे उजवा अंगठा चोखताना दिसतात. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार पसंतीतल्या फरकाचा साधारण पाव भाग आनुवंशिक आहे, आणि त्यात एका जनुकाचे नव्हे, अनेक जनुकांचे थोडे-थोडे वाटे आहेत.

गावात मात्र प्रसाद, पैसे, हळद-कुंकू सारे उजव्या हाताचे. ‘उजव्या हातानं घे, बाप्पा’ हे डावखुऱ्या पोराला रोज ऐकावे लागते. अवजारेही त्याच्या विरुद्ध जातात. दातेरी विळ्याचे दाते पात्याच्या एकाच अंगाने कोरलेले असतात, ते डाव्या हातात नीट धरत नाहीत. प्रसाद उजव्या हाताने घ्यायला शिकवण्यात काही बिघडत नाही. लिहिणारा हात बदलायला लावणे ही मात्र निष्कारण सक्ती आहे. लहानपणी असा हात बदललेल्या प्रौढांची तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. बोटाने बटण दाबण्याचे साधे काम करतानाही त्यांच्या उजव्या मेंदूतले आराखडा ठरवणारे भाग डावखुऱ्यांसारखेच, उलट अधिकच, काम करत होते. दुसऱ्या हाताला शिकवता येतेच. सेवाग्रामला येण्याच्या कितीतरी आधी, १९०९ मध्ये, जहाजावर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकल्यावर गांधीजींनी काही पाने डाव्या हाताने लिहिली. पण ती त्यांनी स्वतःहून लिहिली होती.

डावखुऱ्या मुलाला लिहिताना वही थोडी उजवीकडे कलती ठेवू द्यावी आणि पेन टोकापासून जरा वर धरू द्यावे, म्हणजे लिहिलेले झाकत नाही. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावे, शेजाऱ्याचे कोपर लागत नाही.

वर्षाच्या आतले बाळ मात्र दोन्ही हात साधारण सारखेच वापरते. या वयात ते सतत एकाच हाताने वस्तू घेत असेल आणि दुसऱ्याची मूठ आवळलेली राहत असेल, तर त्याला डावखुरा किंवा उजवा समजून सोडून देऊ नये. दुसऱ्या बाजूला कमजोरी असू शकते. आशाताईंना सांगून बाळाला लगेच डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, पण त्याची वाट बघत बसू नये.